घट

परळीच्या थर्मलला मी काट्यावर होतो, सव्वीस वर्षं.
भरलेली वाघीण, रिकामी वाघीण,
मधला फरक वहीत.
खाणीतून निघालेलं वजन आणि इथं पोचलेलं
कधीच जुळलं नाही.
त्या न जुळण्याला ऑफिसात म्हणत 'घट'
आणि रुळांच्या कडेनं म्हणत सुगंधाबाई घोडके.

पाटीभर कोळसा वेचून
ती माझ्या खिडकीखाली दम खायची.
मी तिला पाहिलं, असं वहीत कुठंही नाही.

एकदा म्हणाली, 'काटेवाले,
तुमचा भाचा तारापूरला हाय म्हणं.
तिथं कोळशाबिगर वीज करतेत.
मग जाळतेत काय?'

जाळत काहीच नाहीत, मी म्हणालो.
धूर नाही, ज्योत नाही.
युरेनियम म्हणून एक जड धातू असतो.
त्याच्या अणूचं पोट इतकं गच्च
की बाहेरून एक बारका न्यूट्रॉन आत शिरला
तरी ते थरथरतं, लांबतं,
मधून तुटतं.
दोन तुकडे, आणि दोनतीन नवे न्यूट्रॉन मोकाट.
ते घुसतात शेजारच्या अणूंत.

'म्हंजे चुगलीवाणी.
एकीनं दोघींला सांगितली, दोघींनी चौघींला,
दिवस बुडायच्या आत सगळ्या आळीत.'

अगदी तसंच.
फक्त पळत आलेल्याचं कुणी नीट ऐकत नाही,
म्हणून न्यूट्रॉनला आधी पाण्यातून चालवून दमवतात.
आणि मध्ये मध्ये उभ्या करतात कांड्या,
ऐकलेलं पोटात ठेवणाऱ्या.
वर ओढल्या की बोभाटा,
पार खाली सोडल्या की चिडीचूप.
बेतानं धरल्या तर एकाचं एकानंच ऐकायचं,
ना वाढायचं, ना विझायचं.

'आमच्या आळीत अशी कांडी एकच व्हती,
मपली सासू. ती बी गेली.'

मग मी तिला ते सांगितलं
जे मला स्वतःला रात्रपाळीत डुलकी घेऊ देईना.
ते तुकडे गोळा केले,
सुटलेले न्यूट्रॉनही धरून आणले,
सगळं काट्यावर ठेवलं,
तरी आधीपेक्षा वजन कमी भरतं.
हजारात एक भाग, तोही पुरता नाही.
कुणी वेचलं नाही,
वाटेत सांडलं नाही,
ते वजन वजन म्हणून उरलंच नाही.
त्याची ऊब झाली.
बोटाच्या पेराएवढ्या गोळीत बैलगाडीभर कोळशाची ऊब.

ती पाटीकडं बघत राहिली बराच वेळ.

'आन् त्या उबीचं काय करतेत?'
पाणी उकळतात.
'पाणी?'
पाण्याची वाफ, वाफेवर चाक, चाकावर वीज.
पुढचं सगळं आपल्यासारखंच.
'एवढा उपद्व्याप करून
शेवटी पाणीच तापवायचं व्हय!'
हसता हसता तिला खोकला आला, काळा.
मागल्या उन्हाळ्यात आमचे संच बंद होते,
कोळसा ढिगानं पडून, धरणात चिखल.
तिनं चिमणीकडं हनुवटी उडवली :
'मग इथं असतं तर
त्याला बी कुलूपच लागलं असतं.'

मला उत्तर सुचलं नाही.
तारापूरला समुद्र आहे, एवढंच म्हणालो.

उठता उठता तिनं विचारलं,
'राख किती पडती?'
राख तिला ठाऊक होती.
कुरडयांवर, दोरीवरच्या लुगड्यावर,
दारच्या कडुनिंबावर, लेकराच्या नाकात.

थोडीच, मी म्हणालो.
पण ती फेकता येत नाही, शिवता येत नाही.
आधी वर्षानुवर्षं पाण्यात बुडवून ठेवायची,
मग काचेत ओतून, कोंडून,
आणि आपल्या नातवंडांच्या नातवंडांनीही
तिच्यावर डोळा ठेवायचा. पुढं हजारो वर्षं.

तिनं चुंबळ नीट केली, पाटी डोक्यावर घेतली.
'म्हंजे आपली राख उडती.
ती राख राखावी लागती.'

आणि गेली रुळांच्या कडेकडेनं,
चुलीपुरती ऊब डोक्यावर घेऊन.

त्या दिवशीची घट मी वहीत मांडली,
दोन क्विंटल सोळा किलो.
शेऱ्याच्या रकान्यात, नेहमीसारखं :
ओलावा उडाला.